तनुजाचा पहिला नवरा

।। श्री भद्रा मारुती प्रसन्न ।।

ती. सारजावन्संच्या पायी पारूचा दंडवत.

इकडं देवाच्या दयेनं सगळं बरं आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला थांबला का? (ज्येष्ठमध पाठवलं होतं, ते संपलं असेल तर नुसती हळदही चालते, स्वस्त पडते.) तुमचे भाऊ दिवसभर पेपर वाचतात आणि मी विचारल्याशिवाय बोलत नाहीत, म्हणजे तब्येत उत्तम.

तर आनंदाची बातमी अशी की तनुजाला व्हिसा मिळाला. सोबत पेढे आहेत, डबा परत पाठवावा. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला लुकास आमचा जावई झाला, तेव्हा तुम्ही चारचौघींत म्हणाला होतात, 'पोरीला कडक मंगळ, इथं कुणी करंना, म्हणून बाहेरून मागवला व्हय?' बोलणं निम्मं खरं होतं. पुढं लुकास काम संपवून मायदेशी गेला (देशाचं नाव मला लिहिता येत नाही, लई थंड आहे एवढं पुरे) आणि पोरगी इथंच राहिली. मग सगळ्या गल्लीला काळजी लागली, की तो तिला बोलावून घेतो का नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, तुम्ही तिकडं खुलताबादेत सगळ्यांना वाचून दाखवा.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात. मंगळाचा दोष जावयावर येऊ नये म्हणून कृष्णागुरुजींनी लग्नाआधी तनुजाचा कुंभविवाह करायला सांगितला. (पत्रिका जुळवायला लुकासच्या आईला जन्मवेळ विचारली, तर ती म्हणाली, बर्फ पडत होता.) कुंभविवाह म्हणजे मुलीचं पहिलं लग्न मातीच्या घड्याशी लावायचं आणि मंगळाचं जे काय असेल ते त्याच्यावर जाऊ द्यायचं. गुरुजी म्हणाले, लहानसा घडा चालेल. पण मी म्हटलं, आणायचाच तर चांगला आणावा. हर्सूलला कुंभाराकडं एकेक वाजवून बघितला आणि खणखणीत माठ आणला. त्याला पाटावर बसवला, मुंडावळ्या बांधल्या, उपरणं घातलं. देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. शेजारच्या मोनिकानं फोटो काढले.

चुकलं ते इथंच. व्हिसाच्या अर्जाला लग्नाचे फोटो लागतात. ते लावायचे एजंट वेगळे पैसे मागत होता, म्हणून मीच लावले. मॅट्रिकला माझं अक्षर वर्गात पहिलं होतं, तेव्हा प्रत्येक फोटोमागं माहितीही लिहिली. माठाच्या फोटोमागं 'तनुजाचं पहिलं लग्न', लुकासच्या फोटोमागं 'तनुजाचं दुसरं लग्न'. भाषांतर करणाऱ्यानं एक अक्षर गाळलं नाही. (असा इमानदार माणूस नेमका आपल्याच वाट्याला यावा.)

वकिलातीचं पत्र आलं. अर्जात पहिलं लग्न लपवलंय, घटस्फोटाचा हुकूम नाहीतर पहिल्या पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन मुलाखतीला या, नाहीतर अर्ज बंद. तनुजा दोन दिवस जेवली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, तू माझा संसार उभा राहायच्या आधीच मोडलास." ते काळजाला लागलं हो. तुमचे भाऊ आपणहून उठले (यावरून ओळखा) आणि मृत्यूच्या दाखल्याची चौकशी करून आले. खिडकीतला माणूस म्हणाला, मयताचं आधार कार्ड आणा.

मग मारुतीला नारळ कबूल केला आणि पोरीबरोबर मुंबईला मीच गेले. दशम्या घरून नेल्या. समोर त्यांच्या देशाची मॅडम, शेजारी भाषांतराला एक मराठी मुलगी. मॅडमनं फोटो पुढं सरकवून विचारलं, यात नवरा कुठाय? मी माठावर बोट ठेवलं. तिनं विचारलं, मग हे कशासाठी? तनुजा खाली मान घालून बसली होती. मला एकदम धीर आला, मारुतीच बोलला म्हणा.

"बाई, आमच्या पोरीचा मंगळ कडक आहे. तुमच्या देशाच्या पोराला काही होऊ नये, म्हणून हा पुढं उभा केला. तुमच्याकडं असं कुणी जावयासाठी करतं का?"

मुलीनं भाषांतर केलं. मॅडम फोटोकडं बघत राहिली. मग चष्मा काढून हसली, आणि डोळेही पुसले. लग्न खरं आहे का म्हणून पुढं एक प्रश्न विचारला नाही. आठवड्यात व्हिसा. वन्सं, ज्या मंगळावरून तुम्ही मला बोललात, त्याच मंगळानं काम केलं. पुढच्या सोमवारी तनुजाचं विमान आहे.

दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
पारू

ता. क. मॅडमनं निघताना विचारलं होतं, माठ आता कुठं आहे? मी सांगितलं, नदीत सोडायचा असतो. असतोच तो.

आणखी ता. क. पण एवढा चांगला माठ पाण्यात घालवायला माझा जीव होईना. अक्षय्य तृतीयेला माठाचं दान आपल्यात करतातच. मी तुम्हाला दिला तो. 'पारूचा हात यंदा सैल झाला' असं तुम्ही म्हणाला होतात, तोच.

शेवटचं. काल लुकास बर्फावर घसरला, पाय प्लास्टरमध्ये आहे. तनुजा म्हणते, तिकडं सगळेच घसरतात. मला मात्र कळायचं ते कळलं. तरी वन्सं, पत्र पोचताच माठ आणून द्या, पोरगी उडायच्या आत पैठणला नेऊन गोदावरीत सोडते. टमटमच्या टपावर टाकू नका, मांडीवर घेऊन या. आणि त्याच्या पाण्याला मातीचा वास येतो म्हणून नावं ठेवत होतात म्हणे, तेवढं आता बंद करा. जावई आहे आपला.