उद्याची कॉफी कुणाच्या घरात?

रिचमंड, ९ एप्रिल

ती. व्हर्डा आत्यास,
टॅमसिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझी भाची नोटरी झाली! शपथेला उजवा हात वर करायचा, तो मी डावा केला. कारकून बाई हसल्या.

ऑनलाइन सह्यांचीही परवानगी मिळाली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, सही करणारा जगात कुठेही. तो कॅमेऱ्याला लायसन्स दाखवतो, मग यंत्र त्याला जुन्या नोंदींतले पाच प्रश्न विचारतं, दोन मिनिटांत. अमुक साली कुठल्या रस्त्यावर राहत होतात, गाडी कोणती होती, असले. काल एका खलाशानं जहाजावरून सही केली, मागे मोजे वाळत होते. शिक्का म्हणजे नुसतं चित्र गं. तुझं ते शिक्क्याचं लोखंडी यंत्र दाबताना कसा दम लागायचा!

एक विचारायचं होतं. समोरचा कोण आहे ते यंत्र सांगतं. पण तो मनापासून सही करतोय की कुणी करायला लावतंय, ते कसं ओळखायचं? तू कसं ओळखायचीस?

उत्तराची वाट बघते आहे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी टॅमसिन

बकहॉर्न गॅप, २० एप्रिल

चि. टॅमसिन हीस, अ. उ. आ.

बापासारखीच डावी-उजवीत घोटाळतेस, म्हणजे आमच्याच घरची.

हार्डवेअरच्या दुकानात मागच्या टेबलाशी मी चाळीस वर्षं बसले. लायसन्स कशाला बघू, एकेकाचे आजे मला ठाऊक. पण ओळखीचं माणूसही धाकात असू शकतं. म्हणून बरोबर आलेल्या नातेवाइकाला मी दुकानातले बियाण्यांचे खण बघायला धाडायची. मग सही करणाऱ्याला एकच विचारायची, की हा कागद झाला म्हणजे उद्या सकाळी तुम्ही कुणाच्या घरात कॉफी कराल. उत्तर ऐकायचं नाही, ते द्यायला किती वेळ लागतो ते बघायचं. म्हाताऱ्या एल्मरनं तर कागद घडी करून खिशात घातला आणि बरोबर आलेल्या पुतण्याला न सांगता मागच्या दारानं गेला. तो शिक्का न मारल्याचं समाधान मला अजून आहे.

आता माझं. फेब्रुवारीत मागच्या पायरीवर घसरले. हाड शाबूत आहे, पण ड्वाइट कोलंबस शहरातून आईकडे धावत आला. त्याचं म्हणणं, घर आत्ताच त्याच्या नावावर करावं, पुढे कटकट नको, आणि मी त्याच्याकडे राहायला जावं. पोरगा भला आहे, काळजीनंच बोलतो. दुकान बंद झाल्यापासून इथे नोटरी नाही, म्हणून तो म्हणतो ऑनलाइन करू. तूच करून टाक की.

जेवत जा वेळेवर. म्हातारीची आठवण ठेव, तेवढं पुरे.
तुझी व्हर्डा आत्या

रिचमंड, २ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. तुझं काम मला करता येणार नाही. नात्यातल्या माणसाचा कागद आमच्या कंपनीत चालत नाही. पडद्यावर आमच्यातलीच दुसरी कोणी मुलगी येईल, जी त्या वेळी मोकळी असेल ती.

तुझा कॉफीचा प्रश्न मी कंपनीत सगळ्यांना सांगितला. दोघीतिघींनी चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलाय. तू आमच्यात प्रसिद्ध आहेस.

आणि आत्या, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पायरी आहे, ड्वाइट आहे, कटकट आहे. तुला काय हवंय ते कुठेच नाही. विचारण्याचा अधिकार नाही मला, पण राहवत नाही.

अशीच ओढ राहू दे.
तुझी टॅमसिन

बकहॉर्न गॅप, २५ जून

चि. टॅमसिन हीस, अ. उ. आ.

काल सही होती. यंत्रानं विचारलं, यांतल्या कुठल्या रस्त्यावर तुम्ही राहत होतात. मी म्हटलं एकाही रस्त्यावर नाही. नापास! मग आठवलं, लग्नानंतर सहा महिने आम्ही त्यांतल्याच एका रस्त्यावर बेकरीच्या वर भाड्यानं होतो. चाळीस वर्षं लोकांच्या ओळखीवर शिक्के मारले आणि मी व्हर्डाच आहे हे मलाच सिद्ध करता येईना. दुसऱ्या खेपेला पास झाले.

मुलगी येसेनिया नावाची. तिनं आधी कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला. सोफ्यावर ड्वाइट होता. तिनं त्याला गोडीनं सांगितलं की बाहेर थांबा आणि दार ओढून घ्या. तो बीन्सच्या वाफ्याकडे गेलेला मला खिडकीतून दिसत होता. मग तिनं कडेला, बहुतेक तुमच्या त्या चिठ्ठीकडे, बघितलं आणि मला विचारलं, की हा कागद झाला म्हणजे उद्या सकाळी तुम्ही कुणाच्या घरात कॉफी कराल.

मला हसूच येणार होतं. पण तोंडातून पटकन निघालं, माझ्याच घरात. तिनं घाई केली नाही. हळूच म्हणाली, या कागदाप्रमाणे ते उद्यापासून मुलाचं होईल, तुम्हाला तसं हवंय ना. तो कागद मी तीनदा वाचला होता गं, शब्द न् शब्द. तरी घर माझंच धरून चालले होते. लोकांना एवढी वर्षं मी काय विचारत होते, ते काल कळलं. शेवटी म्हटलं, नकोय मला.

ड्वाइट अर्धी बादली बीन्स तोडून आत आला. त्याला सांगितलं. बराच वेळ शेंगा निवडत बसला. आज सकाळी माझ्या हातची कॉफी प्यायला आणि मागच्या पायरीला कठडा बसवायला घेतलाय. ठोकाठोक चालू आहे, म्हणून अक्षर हललंय.

येसेनियाला माझा आशीर्वाद सांग. तू जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी व्हर्डा आत्या

ता. क. कालचा शिक्का तिनं मारला नाही. पोरगी चांगली नोटरी होईल.