डावीकडून आलेला आवाज

प्रिय कप्तानबाई,

मागच्या फळीत उभ्या राहणाऱ्या आपण सगळ्याजणींचं दुखणं एकच आहे. पुढच्या फळीतल्या पोरीनं सतरा संधी घालवून एक गोल केला की तिला खांद्यावर घेतात. आपण सतरा गोल वाचवून एक सोडला की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आपल्याला बचाव शिकवायला येतं. तू देशाच्या फुटबॉल संघात मागे उभी राहतेस, मी रुग्णालयाच्या धुलाईघरात. चादरी पांढऱ्याशुभ्र आल्या तर रुग्णालयाचं नाव होतं, एका उशीच्या खोळीवर डाग राहिला तर आमचं. तेव्हा हे पत्र मागच्या फळीतल्या एकीनं दुसरीला लिहिलंय असं समज. आई मी आहेच, ती काही कुठे जात नाही.

सामन्याच्या आठवड्यात शिबिरात तुमचे फोन काढून घेतात, ते एका परीनं बरंच झालं. फोनवर मी जरा युनियनच्या भाषणाचा सूर लावला की तू 'आई, सभा सुरू झाली का?' म्हणून हसण्यावारी नेतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही. तुमचे सामानवाले काका दुपारी तुझे बूट न्यायला येणार आहेत, त्यांच्या हाती हे देणार आहे. कामावर चहाच्या सुट्टीत लिहायला बसले खरी, पण बूड टेकत नाही. दोनदा उठून कपडे वाळवायच्या यंत्राचं दार उगाच उघडून पाहिलं. चहा गार झाला. माझ्या हाताखालची पोरगी म्हणाली, 'ताई, भाषण लिहिताय की राजीनामा?' मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

इथे या आठवड्यात प्रत्येक माणूस प्रशिक्षक झालाय. शेवटचा पात्रता सामना, जिंकलो तर विश्वचषक, हरलो तर चार वर्षं टीव्हीसमोर. बसचा चालक सिग्नलला गाडी थांबवून मागे वळतो आणि प्रवाशांना आपले अकरा खेळाडू सांगतो. सिग्नल हिरवा झाला तरी त्याची मधली फळी पूर्ण झालेली नसते. तुझ्या बाबांनी जेवणाच्या टेबलावर बटणांचा डबा उपडा केलाय. मोठं काळं बटण तू. लाल बटण गोलात उभी असलेली तुमची भोंगा. तिची ओरड ऐकून मैदानाबाहेरची कुत्रीसुद्धा जागा सोडतात असं तूच सांगायचीस. डाव्या टोकाला एक बारीक पांढरं बटण होतं, ते परवा त्यांनी उचलून डब्यात टाकलं आणि जागी लांबट तपकिरी ठेवलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, 'पेपरवाले म्हणतात डावीकडे त्या उंच पोरीला, तुमच्या शिडीला घ्या. पण शिडी भिंतीला लावायची असते गं, पळवायची नसते.' आणि पुन्हा पांढरं शोधत बसले. तेव्हापासून दिवसाला चार वेळा अदलाबदल चालू आहे. निम्म्या देशाची हीच गत आहे. बाकीच्या दहाजणी सगळ्यांना मान्य आहेत, मागच्या सामन्यात डावीकडून गोल खाल्ला तेव्हापासून भांडण त्या एका पांढऱ्या बटणावरून आहे.

त्या बटणाच्या आईला मी काल भेटले. तुम्ही सगळ्या तिच्या लेकीला खारूताई म्हणता, झाडावर चढावं तशी ती रेघेवरून सरसर वर जाते आणि तशीच परत येते म्हणून. तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान तुला ठाऊक आहे. माझ्या कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून गेले. खरं सांगायचं तर अस्तर गेल्या वर्षीच उसवलं होतं, काल मला निमित्त हवं होतं. दुकानासमोर दोन पोरगे उभे होते. एकजण दरवाजाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, 'मावशी, दार लावून घ्या, तुमच्या घरी दार उघडं ठेवायची सवय आहे.' दुसरा हसला. मी मागे वळून बघितलं तसे पांगले. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात बाई आतूनच म्हणाल्या, 'राहू द्या ताई, तुमचा घसा सभेला लागेल.' मग मशीन न थांबवता त्या एवढंच बोलल्या की घरी आल्यावर लेक एकदाच म्हणाली, 'मी ओरडले होते.' दुसऱ्यांदा बोललीच नाही. कप्तानाबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही, असं आईलाच बजावून गेली.

आता तो गोल. तुमच्या फळीचा नियम मला तू नऊ वर्षांची असल्यापासून पाठ आहे. उंच चेंडू दोघींच्या मधे आला की जी आधी 'माझा' म्हणेल तिचा, दुसरीनं सोडायचा. त्या दिवशी चेंडू डावीकडून आला. तू गेलीस, खारूताई गेली, दोघी एकमेकींवर आदळलात, चेंडू टप्पा घेऊन समोरच्या पोरीच्या पायाशी पडला आणि तिनं जाळ्यात ढकलला. सामन्यानंतर तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, 'मला आवाज आला नाही.' तुझ्या चार शब्दांवर तज्ज्ञांनी तासभर चर्चा केली. निर्णय झाला: डावी बाजू मुकी आहे, खारूताई आवाज देत नाही.

मी गोलामागच्या खालच्या रांगेत बसले होते, त्याच बाजूला. मी आयुष्यभर युनियनच्या सभांत घसा चालवलाय. फाटकाबाहेर भोंग्याशिवाय बोलून शेवटच्या बाईपर्यंत कसं पोचायचं ते मला कळतं, आणि कुणाचा आवाज पोचला, कुणाचा नाही, तेही कळतं. खारूताई 'माझा' म्हणाली होती. छातीपासून, वेळेवर. माझ्यापर्यंत आला तो आवाज. तुझ्या अगदी शेजारून गेला.

मी तेव्हापासून स्वस्थ नाही. आधी वाटलं गर्दीचा गोंगाट असेल. मग तू मागच्या महिन्यात घरी आली होतीस ते डोळ्यांसमोर यायला लागलं. जेवताना खुर्ची ओढून भिंतीला लावलीस, डावा खांदा भिंतीला. बाबा मागून तुझ्या डाव्या खांद्यावर डोकं खुपसून आमटीचा डाव मागत होते, तू समोर बघून जेवत राहिलीस. ते म्हणाले, 'कप्तान झाली बाई, आता आपल्याला कोण विचारतंय.' आम्ही हसलो, आम्हाला बघून तू हसलीस. रस्त्यानं चालताना तू मला सारखी उजवीकडे घेत होतीस. मला वाटलं, गाड्यांपासून आईला सांभाळते आहे, आणि मनातल्या मनात सुखावले.

पोरी, आमच्या इस्त्रीच्या मोठ्या यंत्रांवर ज्या बायका वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या, त्यांच्यातल्या कितीजणींना मी ओळखते. ऐकू येईनासं झालं की बाई भिंत शोधते. सगळे हसले की मग हसते. प्रश्न पुरा व्हायच्या आधी 'हो' म्हणते. आणि कुणाला सांगत नाही, कारण नोकरी जाईल. मग एक दिवस शेजारची 'थांबव' म्हणून ओरडते, यंत्र थांबत नाही, चादर फाटते आणि साहेब शेजारणीलाच झापतो, तू हाक का नाही मारलीस? माझी अर्धी भाषणं यावरच झाली आहेत. हिवाळ्यात सरावात चेंडू कानावर बसला तेव्हा तू म्हणाली होतीस की कानात शिट्टी वाजते. पुढच्या आठवड्यात म्हणालीस, थांबली. शिट्टीबरोबर बाकीचंही थांबलं का, ते मी विचारलं नाही.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला आवाज आला नाही, हे अक्षरशः खरं आहे. पण जगात अन्याय करायला खोटं बोलावं लागतंच असं नाही. बऱ्याचदा अर्धं खरं बोलून गप्प बसलं की पुरतं. मी इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचली, आणि त्यांत पराभवानंतर काय होतं ते एकसारखंच सापडलं. मधली माणसं मधेच राहतात, टोकावरचा शिपाई शोधून त्याच्या नावानं खडे फोडतात. टोकावरची माणसं लांब असतात, त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही हे सांगणं सोपं असतं.

तुला भीती वाटते, ते मला कळतं. तुझी चार वर्षांची मेहनत आहे. दंडावरची पट्टी आहे. डॉक्टर कानात बघतील आणि कदाचित तुलाच बाकावर बसवतील. तसं झालं तर मी तुला खोटा धीर देणार नाही, वाईटच होईल, आणि मी तुझ्या शेजारी येऊन बसेन. पण दुसरंही होऊ शकतं. काल मी बाबांच्या बटणांना हात लावला. काळं बटण सरकवून डाव्या टोकाला नेलं. तिथे तुझ्या डाव्या हाताला फक्त पांढरी रेघ, आणि रेघ कधी हाक मारत नाही. सगळ्याजणी तुझ्या उजव्या कानाकडे. शिडी मधे, उंच चेंडूंना तिचं डोकं हवंच आहे. खारूताई उजव्या टोकाला, तिचे दोन्ही पाय सारखे चालतात. बाबा टेबलावर वाकले आणि म्हणाले, 'हे भारी आहे, पण कप्तानाला टोकाला कशासाठी हलवायचं?' मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचंस.

पण संघ बटणांनी निवडला जात नाही आणि तो निवडणं माझं कामही नाही. ते प्रशिक्षकबाईंचं काम आहे, आणि त्यांची पद्धत साऱ्या देशाला माहीत आहे. मागच्या फळीची चार नावं त्या कप्तानाला विचारल्याशिवाय लिहीत नाहीत. उद्या सरावानंतर त्या तुला विचारतील, डावीकडे कोण? तू शिडीचं नाव घेतलंस तर कुणी तुला दोष देणार नाही. खारूताईसुद्धा देणार नाही, आणि मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. शिवाय शिडीही 'माझा' म्हणून ओरडेल, तोही तुला ऐकू येणार नाही, आणि मग तिच्याही दारासमोर पोरगे उभे राहतील. म्हणून हे पत्र. उद्या सराव सुरू व्हायच्या आधी प्रशिक्षकबाईंच्या खोलीत जा, दार लावून घे, आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांग: खारूताईनं आवाज दिला होता, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

तुझ्या उजव्या बाजूला आणि डाव्याही, तुझीच,
आई