चौदा नंबरचं बाळंतपण

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. एक बॅग, एक छत्री आणि ही वही, एवढाच माझा संसार. तो मालकांनी स्वतः गाडीतून उतरवून घेतला. माणूस मऊ बोलणारा, शर्टाला कडक इस्त्री. आल्याआल्या मला मावशी म्हणाले. बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते, तिथंही मी जगाची मावशीच, त्यामुळे परकं काही वाटलं नाही.

निवृत्त झाल्यापासून धाकट्या भावाकडे राहत होते. भावजय वाईट नाही, पण एका ओट्यावर दोन बायका म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. जाहिरात तिनंच वाचून दाखवली. बाळंतपणाचा अनुभव असलेली बाई हवी, राहण्याची सोय आहे. बाळंतपणं कुत्र्यांची आहेत हे खाली बारीक अक्षरात होतं. भाऊ हसून बेजार झाला. म्हणाला, ताई, आता भुंकायला शीक.

घर टेकडीच्या उतारावर आहे. रस्ता फाटकाशीच संपतो, शेजार नाही. मला स्वयंपाकघरावरची खोली दिलीय. खाट, टेबल, मोठी खिडकी. टेबलाच्या खणात कुणाचा तरी जाड भिंगांचा चष्मा राहिलाय. आधीच्या बाईचा असणार. ती बहिणीकडे राहायला गेली म्हणे. मी फडक्यात गुंडाळून ठेवला, पत्ता मिळाला की पाठवून देईन.

६ नोव्हेंबर, बुधवार

कुत्र्या सगळ्या स्पॅनियल. लांब कान, आखूड केलेली शेपूट. मालक सांगत होते की ही सोफ्यावर लोळणारी जात नव्हे, ही कामाची जात. दिवसभर झुडपांतून हुंगत पळायचं, सापडलेली वस्तू दात न लावता आणून हातात द्यायची. भिंतीवर अशाच एका पळणाऱ्या कुत्रीचा मोठा फोटो आहे.

घरात मात्र एकच असते. गुबगुबीत, विंचरलेली, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पसरलेली. तिला मी महाराणी म्हणते. बाकीच्या एकोणीस मागे झाडांपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

शेडबद्दल लिहायला बसले आणि दोनदा पेन खाली ठेवला. खिडकी नाही. लाकडी कप्पे, भुसा, आणि वास असा की वॉर्डातली मोरी बरी. दिवसभर मोठ्यानं रेडिओ लावलेला असतो. पिल्लांना माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून, असं मालक म्हणतात. कुत्र्यांना नावं नाहीत, पट्ट्यावर नंबर आहेत. कानांवरचे केस चिकटून त्यांची ढेकळं झालीत. नवी आहे म्हणून बोलले नाही, पण कात्री आणि कोमट पाणी घेऊन दुपारभर कान मोकळे करत बसले.

१० नोव्हेंबर, रविवार

चौदा नंबर माझ्या मनात बसलीय. तपकिरी-पांढरी, हाडाची काडी, आणि पोट हे एवढं. कप्प्यात डावीकडून गोल गोल फिरत राहते. इतकी फिरलीय की फरशीवर तिची वाट उमटलीय. पळणाऱ्या जातीला चार फुटांत कोंडलं की दुसरं काय होणार? मी तिला चिंधी म्हणते. सहा वर्षांत तिची दहा वेतं झाली, हे अकरावं. वॉर्डात अशी बाई आली असती तर आमच्या सिस्टरनी तिच्या नवऱ्याला उभा सोलला असता. बहुतेक महिनाअखेरीस व्यायला बसेल. तिला सुखरूप मोकळी करायची, एवढंच मी ठरवलंय.

आज एक काम केलं. शेडमध्ये पिल्लं एकमेकांत मिसळतात, कोण कुणाचं कळत नाही. वॉर्डात आम्ही आई आणि बाळाच्या मनगटाला एकाच नंबरची पट्टी बांधायचो. इथं लोकरीचे धागे बांधले. तांबडा तीन नंबरच्या पिल्लांना, हिरवा नऊच्या, पिवळा अकराच्या. लोकर मालकांच्या आईनं दिली. म्हातारी खिडकीशी विणत बसते, दिवसात चार शब्द बोलते. जांभळी मागितली तर म्हणाली, ती संपली, आधीचीला त्यातले पायमोजे विणून दिले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सिस्टर म्हणायच्या, मावशींच्या हाताला यश आहे आणि जिभेला हाड नाही. आज दुसरं खरं ठरलं.

गिऱ्हाईक आलं की महाराणीला पुढे बसवतात, पोटाशी पाच पिल्लं सोडतात, शेजारी म्हातारी विणकाम घेऊन. मी विचारलं होतं, तर मालक म्हणाले होते की बाकीच्या बुजऱ्या आहेत. मला ते पटलं होतं. आज शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी धागे पाहिले आणि कौतुकानं विचारलं, हे रंग कशाचे? मी आपली हौसेनं सांगत सुटले. हा तांबडा तीन नंबरचा, हे दोन हिरवे नऊचे.

बाई महाराणीकडे बघत राहिल्या. त्यांना सांगितलं होतं की ही पाचही हिचीच. मालक हसले, म्हणाले, मावशी घोळ घालतात. पण त्या बाईंनी वाकून महाराणीच्या आचळांना हात लावला. कोरडी ठणठणीत. ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. तीस तारखेला अकरा वाजता नवऱ्याला घेऊन परत येते, आणि पिल्लाची खरी आई बघूनच घेईन, असं ठणकावून त्या गेल्या.

मला वाटलं आता ओरडा बसणार. मालक ओरडले नाहीत. कात्री घेऊन पायऱ्यांवर बसले आणि एकेका पिल्लाचा धागा कापून खिशात टाकत राहिले. मग म्हणाले की मावशी, तुमचा फोन द्या, रिचार्ज करून आणतो.

मी दिला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फोन आलेला नाही. विचारलं की उद्या म्हणतात.

फाटकाला साखळी आणि कुलूप लागलंय. पिल्लं चोरीला जातात म्हणून, असं सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मालक दुपारी पिल्लं पोचवायला गेले. मी चिंधीला बाहेर काढलं.

गवतावर पाय टेकवेना. एक पाय वर धरून तशीच उभी राहिली. सहा वर्षांत तिनं गवत पाहिलंच नव्हतं. मग नाक खाली गेलं, आणि ते पोट घेऊन ती अशी वळणं घेत निघाली की बघत राहावं. कुणी शिकवलं नव्हतं, रक्तातच होतं. एक सुकलेलं फळ उचलून आणलं आणि माझ्या तळहातात ठेवलं. दाताची खूणसुद्धा नाही. मी तिथंच बसून रडले. आनंदानं रडले, खोटं का सांगू.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज चिंधीला पुन्हा बाहेर काढलं. कुंपणाजवळ माती उकरलेली आहे तिकडे ओढत गेली. पट्टा आणून हातात दिला. नंबर सहा. परत गेली. नंबर दोन. मग सतरा.

म्हाताऱ्या झालेल्या कुत्र्या चांगल्या घरी देतो, असं मालकांनी सांगितलं होतं.

पट्टे मी जिथल्या तिथं पुरून आले. हात दोनदा धुतले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चिंधीनं आज पायमोजा आणला.

जांभळा. विणलेला. तिनं तो हळूच हातात ठेवला, आणि बसून माझ्याकडे बघत राहिली, शाबास म्हणेन म्हणून.

तो रिकामा नव्हता.

वॉर्डात मी काय काय पाहिलंय. गेलेली बाळं फडक्यात गुंडाळून मीच खाली नेत असे.  असं कधी नाही पाहिलं.

परत पुरला. पायानं माती दाबली. चिंधीला शेडमध्ये नेलं. तिचे पंजे पुसले का? आठवत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी म्हातारीला एकटी गाठून विचारलं, आधीची बाई कुठं आहे. तिनं सुई थांबवली नाही. म्हणाली, तिलाही कुत्र्यांचा फार लळा लागला होता. तपासणीवाल्यांना कळवते म्हणाली त्याला, तोंडावर. मग म्हणाली, तू तसं काही बोलू नकोस बाई, मी आता किती जणींचं विणू?

कुंपणाची तार एका ठिकाणी सैल आहे. पाठ सोलवटेल, पण मी निघेन. चिंधी त्या पोटासकट निघणार नाही. आणि मी गेले तर तिचं काय होईल ते—

शनिवारी अकराला शाळेच्या बाई येतील. गाडीचा दरवाजा उघडा असेल. चिंधीला उचलायची, आत बसायचं, मग बोलायचं. दोन दिवस. दोनच दिवस तोंड बंद ठेवायचं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकांनी चिंधीचे पंजे बघितले. कप्प्यासमोर उकिडवे बसून, एकेक बोट फाकवून. नखात माती.

 मग म्हणाले, हिला वेळ लागेल असं दिसतंय, रविवारी आपणच पोट कापून घेऊ. डॉक्टर कशाला. तुम्ही धराल ना, मावशी? धरायला घट्ट माणूस लागतं.

मी विचारलं, भूल?

हसले. छान हसतात. समजूत घातल्यासारखं.

उद्या अकरा. तोवर कळ येऊ नये. बाई गं, एक दिवस दम धर.

३० नोव्हेंबर, शनिवार. शेडमध्ये.

७.५०. अन्न तोंडात घेतलं नाही. भुसा उकरतेय. अंग थरथरतंय. सुरू झालं.

वॉर्डातली रीत, वेळ टाकून लिहायचं. नोंद नसेल तर बाळ जन्मलंच नाही, असं सिस्टर म्हणत. म्हणून लिहितेय. हात कामात, डोकं ताब्यात.

९.१५. पहिलं. नर. रडलं.

९.५०. दुसरं. मादी. दमानं रडली. पुसली, आचळाला लावली.

१०.३५. कळा जोरात. काही येत नाही.

१०.५०. बोट घालून पाहिलं. पायाळू आहे. मागचा एक पाय हाताला लागतो, दुसरा आत मुडपलाय. सोडून गेले तर अर्ध्या तासात ही जाईल. पोटातली पण.

११.०५. हॉर्न. फाटकाशी. त्याच बाई असणार.

दार उघडं आहे. झाडांमधून पळत गेले तर शंभर पावलं. ओरडले तरी—रेडिओ इतका मोठा केलाय त्यानं, ओरडून काय. पळायलाच हवं.

चिंधी बघतेय.

कळ अर्धी टाकून मी बावीस वर्षांत कुणापासून उठले नाही.

११.२०. दुसरा पाय मिळाला. हळू. हळू.

११.२५. आलं. नर. निळा. फुंकर मारली, चोळला, उलटा धरला. नाही. अजून चोळतेय—

रडला. मेल्या, रडलास.

११.३०. गाडी गेली.

११.४०. म्हातारी आली. गरम पाण्याचं पातेलं, टॉवेल. म्हणाली, त्या बाईंनी तुझी चौकशी केली. तो म्हणाला, मावशी कालच भावाकडे परत गेल्या.

मी म्हटलं, आई, फाटकाची किल्ली आणा. नुसती किल्ली.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर गेली. कडी तिनं लावली. तिच्या रडण्याचा आवाज आला मला, मग पावलं.

११.५५. चौथं. मादी. ठीक.

पोट अजून टणक. एक आहे. एकच.

दार, भिंत, पत्रा—कुठंच काही उचकटत नाही. एक कात्री आहे. नाळेची. बोटभर.

वही शेवटच्या कप्प्याखाली दाबीन. पोटातलं झालं की.

१२.१०. पावलं. त्याची. दमानं येतोय.

कळ आली. जोराची. चांगली. घाल बाई, जोर घाल.

उजवा हात तिच्याखाली, डाव्यानं लिहितेय.

कडी काढतोय. म्हणतोय मावशी, आता बाजूला व्हा.

नाही होत.

मावशी, व्हा म्हणतो ना—

थांब रे. डोकं आलंय. खांदा अडकलाय, एक कळ, एकच कळ दे मला, मग तुला काय करायचं ते—आला खांदा, आला, आता नुसतं