विलिमाइना सिस्टरांविरुद्धची माझी तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय वैद्यकीय अधिकारी,
उपविभागीय आरोग्य कार्यालय,
नासाउवेरे, फिजी.

विषय : परिचारिका श्रीमती विलिमाइना नाउलू यांच्याविरुद्धची तक्रार मागे घेऊन खरी हकीकत कळविण्याबाबत, तसेच मधुमेही रुग्णांच्या नोंदवहीत माझे नाव घेण्याबाबत.

संदर्भ : माझ्या व माझे मेहुणे श्री. जोनेतानी यांच्या सहीचा दि. ११ नोव्हेंबर २०२१ चा तक्रार अर्ज.

महोदय,

मी, खाली सही करणार पेनायासी वाकाथेंगू, वय ६३, वाइनिसासी गावच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक व गावच्या आरोग्य समितीचा अध्यक्ष, आपणांस कळवितो की, सिस्टरांच्या दुर्लक्षामुळे माझी पत्नी आसेनाथा हिचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, असे जे आम्ही लिहून दिले, ते खोटे आहे. दुर्लक्ष माझे आहे. सविस्तर हकीकत खालीलप्रमाणे.

१. माझी पत्नी नऊ वर्षांपासून मधुमेही आहे. गेल्या वर्षी साथीमुळे बोटी थांबल्या आणि शेजारच्या गावातल्या दवाखान्यातील सिस्टरांना गावोगाव फिरण्यास मनाई झाली, तेव्हापासून त्या दर मंगळवारी सकाळी फोनवरून साखरेचे आकडे लिहून घेत. फोनची रेंज फक्त चर्चमागच्या टेकाडावर येते. तिथे वही घेऊन मी एकटाच जात असे, हे मुद्दाम नमूद करतो.

२. जून महिन्यात मला फार तहान लागू लागली. नजर अंधुक झाली. पत्नी आंघोळीला गेलेली असताना मी तिच्या यंत्रावर माझी साखर तपासली. सात-आठच्या आसपास असावा तो आकडा १६.८ आला. महोदय, गावातल्या प्रत्येक सभेत चहात साखर घालू नका, कसाव्याचे कंद कमी खा, असे मी बारा वर्षे सांगत आलो आहे. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा तपासली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अशा रीतीने बोटी थांबण्यापूर्वी आलेल्या, साखर तपासण्याच्या पट्ट्यांपैकी निम्म्याहून अधिक मी स्वतःवर संपविल्या. जुलैअखेर डबी रिकामी झाली.

३. पट्ट्या संपल्या हे सांगितले असते तर कशा संपल्या हा प्रश्न आला असता. म्हणून मी आकडे रचू लागलो. एकदा ६.९, एकदा ८.२, आणि खरे वाटावेत म्हणून मध्येच एखादा ९.४. सिस्टर फोनवर म्हणत, “मास्तर, तुमच्यासारखी वही साऱ्या बेटावर कुणाची नाही. मी बाकीच्यांना तुमचंच नाव सांगते.” मला बरे वाटत असे. हे लिहिताना हात थांबतो, पण बरे वाटत असे.

४. पत्नीला मी सांगितले की तुझी साखर ताब्यात आली आहे, सिस्टर म्हणाल्या रोज बोट टोचायला नको आणि गोळीही दोनऐवजी एकच पुरे. तिला आनंद झाला. दुसरी गोळी मी घेत होतो. सिस्टरांनी असे काही म्हटले नव्हते, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

५. सप्टेंबरात दुकान रिकामे असल्याने पत्नी ओहोटीला खडकांवर शिंपले काढायला गेली आणि तिच्या तळपायाला प्रवाळ लागले. तिला ते कळलेही नाही. चटईवर रक्त मी पाहिले. मंगळवारी सिस्टरांना जखम सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आकडा किती?” मी ७.४ म्हणालो. “मग भरेल, मास्तर. कोमट पाण्यानं धुवा, कोरडी ठेवा. पण पंधराच्या वर गेला की लगेच सांगा, मी पोलिसांची बोट मागवते.”

६. पुढच्या मंगळवारी जखमेला वास येत होता. मी टेकाडाकडे निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, “सिस्टरला वासाचं सांगा हं.” खाली आल्यावर तिने विचारले, “सांगितलंत?” मी हो म्हणालो. मी सांगितले नव्हते. सिस्टर तपासायला आल्या असत्या आणि पट्ट्या मागितल्या असत्या. शनिवारी तिला ताप चढला. मेहुण्याने स्वतः टेकाडावर जाऊन सिस्टरांना फोन केला, आणि तीन तासांत बोट आली. तीनच तासांत. रुग्णालयात आकडा २७ निघाला.

७. तक्रार मेहुण्याने लिहिली. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो बहिणीसाठी रडत होता. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “मास्तर, भाषा बघून द्या.” मी दोन चुका दुरुस्त केल्या, ‘दुर्लक्ष’च्या आधी ‘अक्षम्य’ हा शब्द घातला आणि त्याच्या सहीच्या वर माझी सही केली. अर्जात तो शब्द माझ्या अक्षरात आढळेल.

८. सिस्टरांना कामावरून दूर केल्यावर, बेट सोडण्यापूर्वी, त्या आमच्या ओसरीवर आल्या. मला वाटले बोलतील, दोष देतील. त्या त्यांची वही उघडून म्हणाल्या, “मास्तर, तुम्हाला आठवतं का? मी सात पूर्णांक चार लिहिलंय. मीच चुकीचं ऐकलं का हो? सतरा म्हणाला होतात का तुम्ही?” मी म्हणालो, त्या दिवशी रेंज बरी नव्हती. त्यांनी मान हलवली, पत्नीच्या पायाची पट्टी बदलली आणि गेल्या. दवाखान्याला कुलूप आहे. तीन गावांना आता बोटीने दीड तास जावे लागते.

तरी विनंती की,

(अ) श्रीमती नाउलू यांना सन्मानाने पूर्वीच्या जागी घ्यावे, आणि त्यांनी बरोबर ऐकले होते हे त्यांना लेखी कळवावे. हे आधी करावे, बाकीचे नंतर केले तरी चालेल.

(आ) मला समितीवरून काढावे व माझी चौकशी व्हावी. चौकशी गावाच्या सभेत झाल्यास मेहुण्यालाही ऐकता येईल. त्याला समोर बसवून सांगण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

(इ) पत्नीच्या गोळ्या यापुढे माझ्या हाती देऊ नयेत.

(ई) माझे नाव रुग्णांच्या नोंदवहीत घ्यावे.

हा अर्ज पाठविण्यापूर्वी मी तो पत्नीला वाचून दाखविला, कारण तिला तो इतर कुणाकडून कळणे योग्य नव्हते. तिने चौथा परिच्छेद तेवढा पुन्हा वाचायला लावला. नंतर दोन दिवस शेजारची बाई जेवण आणून देई, ते पत्नी खाई, मी केलेल्याला हात लावीत नसे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कुबडी ओढून घेतली, खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, “यंत्र आणा.” मी रुग्णालयातून मिळालेल्या नव्या पट्ट्या काढल्या आणि तिचे बोट पुसायला कापूस घेतला, तर म्हणाली, “माझं नाही. तुमचा हात द्या.” तिने टोचले. मला वाटले त्याहून जोरात टोचले. आकडा १४.२ आला. तो तिने वहीत स्वतःच्या अक्षरात, माझ्या नावापुढे लिहिला आणि वही आपल्या उशाखाली ठेवली. मी मागितली, तर म्हणाली, “आता ही माझ्याकडे राहील.”

त्यामुळे मूळ वही सोबत जोडता येत नाही, याबद्दल दिलगीर आहे. त्या पानाची नक्कल जोडली आहे. ती तिनेच करून दिली.

क्षमेसाठी नव्हे, चौकशीसाठी हजर असलेला,

पेनायासी वाकाथेंगू
वाइनिसासी, दि. १४ फेब्रुवारी २०२२

सोबत :
१. जुलै ते सप्टेंबर २०२१ मधील खोट्या आकड्यांची यादी, तारीखवार.
२. दि. ११ फेब्रुवारी २०२२ च्या नोंदीची नक्कल, आसेनाथा वाकाथेंगू यांच्या अक्षरात.