तेवीस जणांचा होकार

ब्रिस्बेन,
रविवार, ७ जुलै १९९६

ती. सेइनी आत्यास,
कालोलाइनेचा सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. तुम्ही बांधून दिलेली भाजलेली कोनफळं विमानतळावरच्या तपासनिसाने काढून घेतली आणि माझ्यासमोर पिंपात टाकली. मी डोळे मिटून घेतले. फेलेतीदादा घ्यायला आला होता. तुमचे चिरंजीव चांगलेच सुटलेत, आणि कोनफळं गेली म्हटल्यावर माझ्यापेक्षा तेच जास्त हळहळले.

दादाने मागची खोली रंगवायला काढली आहे. आपल्या बेटावरची शाळा बंद झालीच, तर तेलेसियाला इकडेच आणायचं असं त्याने आणि वहिनीने ठरवलंय. तान्ही असल्यापासून तुमच्याकडे वाढली असली तरी बाप तो आहे, मी काय बोलणार? रंग पिवळा आहे.

परिषद शेवटच्या आठवड्यात. तोवर रोज एकेक शाळा दाखवतात आणि शिक्षणातल्या नवोपक्रमांवर भाषणं देतात. जिकडेतिकडे एकच पाटी, ‘मुलांचा आवाज ऐका’. मी सगळं वहीत टिपून घेते. पण आत्या, माणसं कंजूष हो! चहावाली बाई विचारते चहा हवा का, मी हो म्हणते, ती जराशी थांबते आणि किटली घेऊन पुढच्याकडे जाते. तीन दिवसांत एक कप नशिबी आला नाही. भाताच्या रांगेतही तेच.

मार्चमध्ये कॅमेरा घेऊन आपल्याकडे आलेल्या हॅल्डेनबाई इथे आहेत. त्यांनी मला बाहेर बसवून वर्गाला इंग्रजीत हो-नाहीचे पंधरा प्रश्न विचारले होते, आणि अहवालात लिहिलं की तेवीस मुलांपैकी एकाही मुलाने उत्तर दिलं नाही. पोरं मात्र मला शपथेवर सांगत होती की सगळी उत्तरं दिली. खोटं बोलता म्हणून मी दोन दिवस सगळ्यांना अंगण झाडायला लावलं. आता त्याच अहवालावर राजधानीतले, नुकुअलोफाचे शिक्षणसाहेब ऑगस्टमध्ये शाळेचा निकाल लावणार. परिषदेत मला बोलायची संधी आहे म्हणतात, पण बोलू काय? मुलं गप्प बसली ते बसलीच. माझा धीर होत नाही.

तेलेसियाला माझा पापा. रागावलात तरी माया पातळ करू नका, एवढंच मागते.

तुमची,
कालोलाइने


नुकुमोआना बेट,
रविवार, १४ जुलै

चि. कालोलाइने हिस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोस्टाच्या पिशवीत नव्हतं, बोटीच्या कप्तानाच्या खिशात होतं. मेल्याने वाचलेलंही असावं, कारण धक्क्यावर उतरायच्या आधीच मला विचारलं की बाईंना चहा मिळाला का. तुझ्या चहाची त्याला एवढी काळजी का, ते तूच मला येऊन सांग.

आणि चहा देत नाहीत म्हणजे काय? चार माणसांत जाताना कमरेला आपली मानाची चटई नीट गुंडाळून जातेस ना? चटईशिवाय तशीच गेलीस तर मीसुद्धा चहा देणार नाही.

तुझ्या जागी आलेला बदली मास्तर बोट लागून आडवा झाला तो अजून उठलेला नाही. वर्ग मी ताब्यात घेतलाय. पोरांना सात-सात पट्ट्या मोजून चटई विणायला बसवलं, सातचा पाढा दोन दिवसांत पाठ. याला तुमच्यात नवोपक्रम म्हणतात का गं? माझ्या आईच्या वेळचा आहे.

फेलेतीला म्हणावं पिवळा रंग चालेल, पोरीला आवडतो. बरंच झालं. कधी ना कधी बापाकडे जायलाच हवं. माझं काय, मला कोंबड्या आहेत, चर्चची गाणी आहेत, गुडघे आहेत. दिवस भरून जातो.

आता नीट ऐक. मी तुझ्या बापाची थोरली बहीण आहे, आणि बापाच्या बहिणीचा शब्द आपल्याकडे कुणी खाली पाडलेला नाही. त्या परिषदेत तू उभी राहायचंस आणि तोंड उघडून बोलायचंस. काय बोलायचं ते तुझं तू बघ. मूग गिळून परत आलीस तर तुझ्या लग्नात मी मानाच्या जागेवर बसणार नाही, मग बघते कोण लावतं लग्न.

तेलेसियाचा खालचा दात पडला. तिने तो तुला दाखवायला जपून ठेवलाय. अंगावर गरम घाल. आशीर्वाद आहेतच, ते बोटीची वाट बघत नाहीत.

तुझी,
सेइनी आत्या


ब्रिस्बेन,
गुरुवार, २५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी शुद्ध गाढव आहे. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

काल परिषदेत हॅल्डेनबाईंची पाळी होती. तीनशे माणसं बसलेली, दिवे घालवले आणि पडद्यावर आपला वर्ग! आपल्या खिडक्या, आपला फळा, आणि पुढच्याच चटईवर आपली तेलेसिया. नाव दिलं होतं ‘मुका वर्ग’. बाईंचा आवाज आला, पाच आणि तीन आठ होतात का? आणि तेवीसच्या तेवीस पोरांनी पटकन भुवया वर उडवल्या. बाईंनी वाट पाहिली, पुन्हा विचारलं, पोरांनी पुन्हा उडवल्या. बिचारी मुलं म्हणून सभागृह हळहळलं. मग विचारलं, मासा झाडावर राहतो का? एकाचीही भुवई हलली नाही. मागच्या ओळीतला पाएआ हसू दाबायला ओठ चावत होता. मग विचारलं, तुम्हाला शाळा आवडते का? तेव्हा तर आत्या, सगळ्यांच्या भुवया केसांत जाऊन बसल्या. तेलेसियाने तीनदा उडवल्या.

मी खदखदून हसले. त्या अंधारात, एकटी. दिवे लागले. अध्यक्षांनी मला विचारलं की तुम्हाला काही बोलायचंय का. आणि मी काय केलं असेल? भुवया उडवल्या! ते जरा वेळ थांबले आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो चहा, तो भात, सगळं सगळं! मी रोज हो म्हणत होते आणि इथे कुणाला ऐकूच येत नव्हतं.

पुढचा वक्ता मंचाकडे निघाला होता. पण डोळ्यांपुढे तुमची मानाची जागा रिकामी दिसली आणि मी ताडकन उठले. हो, बोलायचंय, असं एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढे बसलेल्या बाई दचकल्या. मी विनंती केली की फीत पुन्हा लावा, आणि या वेळी आवाज बंद करून, प्रश्न मी अहवालातून वाचते. सांगितलं की आमच्याकडे भुवई वर गेली की हो, जागच्या जागी राहिली की नाही. मीही तीन आठवडे इथे उपाशीपोटी असंच हो म्हणत आलेय, तेव्हा आता मोजा. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायला लागले, सातव्याला सगळं सभागृह मुलांबरोबर भुवया उडवत होतं. पंधरापैकी तेरा बरोबर! चुकले ते दोन, एक आगगाडीचा आणि एक बर्फाचा.

हॅल्डेनबाई आधी लाल झाल्या. मग खाली येऊन माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या की चार महिने मी ही फीत कानाला यंत्र लावून ऐकते आहे, चेहरे एकदाही पाहिले नाहीत. साहेबांना त्या नवा अहवाल फॅक्स करणार आहेत. चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने मला दोन कप आणून दिले.

सगळे पाठ थोपटताहेत, पण मला एक गोष्ट टोचते आहे. त्या बाई परक्या, त्यांना काय माहीत! मी तर तिथलीच. पोरं घसा फोडून सांगत होती की उत्तरं दिली, आणि मी छापील कागद खरा धरला. मुलांचा आवाज म्हणून वहीभर टिपणं काढली, पण मुलांना एका शब्दाने विचारलं नाही की कसं सांगितलंत. सोबत वर्गासाठी चिठ्ठी आहे. तिच्यात मी माफी मागितली आहे. ती ओळ गाळू नका, तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे.

माया ठेवा. या वेळी मागताना मान वर करून मागते आहे.

तुमची,
कालोलाइने


नुकुमोआना,
रविवार, ४ ऑगस्ट

चि. कालोलाइने हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून एवढी हसले की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. मग तिला वाचून दाखवलं, मग तिच्या जावेला. आता गावात कुणीही कुणाला काही विचारलं की समोरचा भुवया धरून बसतो.

मास्तरणीने पोरांची माफी मागायची हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती ओळ गाळणारच होते, चष्मा पुसायचं निमित्तही केलं. पण तुझी तेलेसिया माझ्या खांद्यावरून आधीच वाचून मोकळी झाली होती. वाचायला शिकवून ठेवलंस ना, भोग आता. तिनेच ती सगळ्या वर्गाला मोठ्याने ऐकवली. मग पाएआ उभा राहिला आणि म्हणाला की माफी ठीक आहे, पण आम्ही झाडलेल्या दोन दिवसांचं काय? पोरांनी आपसात बरीच चर्चा केली. शेवटी मी निकाल दिला, बाई आल्यावर दोन दिवस अंगण बाई झाडतील आणि मुलं सावलीत बसून बघतील. निकाल बदलणार नाही.

साहेबांकडून काही कळलं का? विचारायचं नव्हतं, पण रात्री झोप लागत नाही. फेलेतीने पोरीसाठी तिकिटाची तारीख विचारली आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

तू कसलीही बातमी लपवू नकोस. वाईट असेल तर आधी ती लिही. आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला जरा जास्त घे.

तुझी,
सेइनी आत्या


नुकुअलोफा,
शुक्रवार, ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी नाही. शाळा राहिली! राहिली आत्या, राहिली!

परतीच्या वाटेवर साहेबांसाठी इथेच थांबले. सोमवारी साहेब नव्हते, बुधवारी बैठकीत होते, आज दारातच गाठले. नवा अहवाल त्यांच्या टेबलावर होता. ते स्वतः वावाउ बेटावरचे, आपल्यासारख्याच लहान शाळेत शिकलेले. म्हणाले की तेवीस मुलं गप्प बसली हे वाचताना भुवयांचं माझ्याच मनात यायला हवं होतं, लाज वाटते. मी विचारलं की मग शाळा राहणार ना? त्यांनी भुवया उडवल्या. मी म्हटलं, साहेब, एवढ्यावर मी जाणार नाही, कागदावर लिहून सही करा. हसत हसत केली. कागद माझ्या पिशवीत आहे.

दादाला फोन केला. तो आधी वहिनीशी बोलून आला. मग म्हणाला की पोर आजीजवळच असू दे, नाताळला आम्ही सगळे तिकडे येतो, आणि पिवळ्या खोलीत आईने महिनाभर येऊन राहायचं.

बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलंय, दहा दिवस तरी हलणार नाही. कप्तान रोज येऊन माफी मागून जातो. मी यायच्या आधी बातमी पोचावी म्हणून हे पत्र लिफुका बेटापर्यंत विमानाने आणि पुढे कोळ्यांच्या होडीने पाठवते. पोरांना सांगा, झाडायला येतेच आहे.

तुमच्या शब्दाला जागले, आता तुम्ही लग्नाला या. कुणाच्या ते विचारू नका.

तुमची,
कालोलाइने


नुकुमोआना,
गुरुवार, १५ ऑगस्ट

चि. कालोलाइने हिस,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. चर्चची घंटा वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचलं. मुलांनी असा काही आरडाओरडा केला की मुका वर्ग म्हणणाऱ्यांनी येऊन ऐकावा. संध्याकाळी डुक्कर भाजलं. नाचताना माझे गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. लग्नाचं मी विचारत नाही, बोट दुरुस्त झाली की कप्तानालाच विचारीन.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. एप्रिलात तो अहवाल आला त्याच आठवड्यात मी तेलेसियाची पेटी भरली होती. चर्चचे बूट, मोजे, परदेशात घालायला नवा फ्रॉक. पोरीला दिसू नये म्हणून माझ्या पलंगाखाली ढकलून ठेवली होती. तुला मी कोंबड्या आणि गुडघे लिहीत होते ना, ते सगळं त्या पेटीवरच्या पलंगावर बसून लिहीत होते. ती गेली असती तर मी जगले नसते असं नाही, जगले असते. पण कुणासाठी उठायचं सकाळी?

आज पेटी बाहेर ओढली आणि रिकामी करायला बसले. तेवढ्यात ती शाळेतून आली आणि फ्रॉक कुणाचा म्हणून विचारलं. तुझाच म्हटलं. लगेच अंगात घालून माझ्यापुढे उभी राहिली. आखूड होतोय गं! चार महिन्यांत चांगली दोन बोटं उंच झाली पोर, आणि मी रोज बघत असून मला कळलं नाही. आता खालची दुमड उसवून ती लांब करायला घेतली आहे. रविवारी चर्चला घालायचा म्हणून ती माझ्याजवळ सुई ओवून द्यायला बसली आहे, तेव्हा पत्र इथेच आवरते.

सुखरूप ये. लोभाचं काय विचारतेस, तो सगळा तुझाच आहे, थोडा तेलेसियाला ठेव.

तुझी,
सेइनी आत्या