दोघींनी घालायची घडी

रविवार, २८ डिसेंबर

ती. अक्कांना,

धाकट्या जावेचा साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांगा.

आम्ही तिघंही बरे आहोत. थंडी नुसती मी म्हणतेय. खिडकीच्या काचेला आतून घाम फुटतो आणि गुंडी त्यावर बोटाने चित्रं काढत बसते. तुमच्या धाकट्या दिरांची पावाची गाडी या दिवसांत दुप्पट फेऱ्या मारते, त्यामुळे घरी आले की बसल्या जागी पेंगतात. परवा तर हातात चमचा तसाच धरून झोपले. गुंडीने तो हळूच सोडवून घेतला, धुतला आणि जागेवर ठेवला. ही सवय कुणाची ते मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हे पत्राचं खूळ कुठून काढलंस? माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, हे तुमचंच म्हणणं. पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? मी तोंड उघडलं की "असू दे गं" म्हणून मोकळ्या होता. पत्राला तसं म्हणता येत नाही. ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

आधी सुट्टीचं सांगते. वर्ष संपताना इथे पंधरा दिवस सगळं बंद असतं. शाळा, कचेऱ्या, कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा. लोक गाड्यांच्या टपावर सामान बांधतात आणि आईबापांकडे निघतात. आमच्या जिन्यात एरवी सारखी पावलं वाजत असतात. आता वाजली तर आमचीच. पहिल्या वर्षी मी घाबरून ह्यांना विचारलं होतं, "काही आलंय का हो? गाव रिकामं करताहेत वाटतं." हे अजून त्यावरून चिडवतात.

पण लोक फिरायला निघाले की हॉटेलं भरतात, आणि हॉटेलं भरली की आमच्या लाँड्रीत चादरींचा डोंगर. सगळ्यांची सुट्टी तो आमचा हंगाम. मग गुंडीला ठेवायचं कुठे? शेवटी आमच्या मुकादमीणबाईला विचारलं. बाई ताडमाड उंच, आणि बोलणं तोलूनमापून. माझी तिची भाषा निम्मी हातवाऱ्यांची. तिने गुंडीकडे बघितलं, मग यंत्रांकडे बोट करून मान हलवली, मग ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे यंत्रांजवळ जायचं नाही आणि आवाज करायचा नाही. गुंडीने मान डोलावली. तिला काय, ती महिनाभर घरातसुद्धा आवाज करत नव्हती.

हे बघा, आलंच शेवटी. पेन तिकडे वळत नव्हतं म्हणून न्हाव्यापर्यंत जाऊन आले.

मला मंगळवारच्या फोनबद्दल लिहायचं आहे. तुमच्याकडे संध्याकाळ असेल. तुम्ही "हॅलो, हॅलो" करत राहिलात आणि इकडून कुणी बोलेना. मग गुंडीने विचारलं, "मोठी, तू आहेस?" तुम्ही हसलात. म्हणालात, "आहे की! मी कुठे जाणार?" आणि ती इतकी रडायला लागली की फोन माझ्या हातात आला. तुम्ही मला विचारलंत, "पोर असं का विचारत होती गं?" मी म्हटलं, लाईन खराब होती.

लाईन चांगली होती, अक्का. या महिना-दीड महिन्यात लाईन कधीच खराब नव्हती. फोन बिघडला नव्हता, शाळेची वेळ बदलली नव्हती, गुंडीला लवकर झोपही येत नव्हती. तुम्हाला तिचा आवाज ऐकू आला नाही, कारण मी तो ऐकू दिला नाही.

रागवा. पण पुढचं वाचा.

ती आली तेव्हा पहिले दोन महिने रोज तुमचा फोन झाला की ती जेवायची नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची. मी जवळ गेले की नीट, सभ्यपणे सरकून जागा द्यायची, जशी बसमध्ये परक्या बाईला देतात. तीन वर्षं मी तिची फोनमधली आई होते. आठवतं, तीच म्हणायची तसं? "फोनमधली आई आली, मोठी, ये लवकर!" तेव्हा आपण दोघी हसायचो. फोनवरून आईपण करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मला कळत होतं. अडीच वर्षांची पोर मीच तुमच्या कडेवर दिली होती. "दुसऱ्याचं लेकरू, किती दिवस पुरणार?" असं शेजारणी तुमच्या तोंडावर म्हणायच्या, आणि "जितके दिवस तितके" म्हणून तुम्ही तिचे केस विंचरत राहायच्या, हेही भाऊजींनी मला सांगितलं होतं. सगळं माहीत होतं. तरी माझी मुलगी माझ्या घरात माझ्यासमोर तुमच्यासाठी रडते, हे मला बघवेना. जळले मी तुमच्यावर. सरळच लिहिते.

म्हणून एक दिवस तिला सांगितलं, "मोठी लांब गेलीय. तिथे फोन नाही."

ती एकदाच "बरं" म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. रडणं थांबलं. जेवायला लागली, शाळेत जायला लागली. मी ह्यांना म्हटलं, "बघा, रुळली." हे म्हणाले, "फारच गप्प नाही का झाली?" मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. सुखाची झोप लागत होती मला.

मंगळवारी माझ्या जोडीची बाई सुट्टीवर गेली होती. मोठ्या चादरींची एकटीने घडी करणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. एक टोक धरलं की दुसरं जमिनीला लागतं. मी हनुवटीखाली कापड धरून झगडत होते. गुंडी कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीत बसून रंगवत होती. तिने खडू ठेवले, आली आणि समोरचे दोन कोपरे उचलले.

अक्का, काय सफाई तिची! चादर झटकली, माझ्या हातांकडे बघून उभी घडी जुळवली, मग कोपरे घेऊन चालत माझ्यापर्यंत आली. यंत्रातून नुकती निघालेली, गरम चादर होती. तिने कोपरे माझ्या हातात दिले, टाचा उंचावल्या, डोळे मिटले आणि गाल वर करून उभी राहिली.

मला कळेना. मी कोपरे घेतले आणि मागे सरले. ती तशीच उभी. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाली, "तुला घडी घालता येत नाही."

दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालते मी! हसूच आलं. म्हटलं, "मग कुणाला येते?"

"मोठीला यायची."

यायची, म्हणाली. येते नाही. माझ्या हातातली चादर तिथेच थांबली. तिने खाली बघतच विचारलं, "मोठीचा फोटो पण आजोबांच्या फोटोशेजारी लावला का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामंजी गेले तेव्हा मला येता आलं नव्हतं. गुंडी फोनवर हट्ट धरून बसली होती की आजोबांना फोन लाव. तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, "आजोबा लांब गेलेत, राणी. तिथे फोन नाही." हेच शब्द, याच तोंडाने. मी विसरले, ती विसरली नाही. दीड महिना माझी सहा वर्षांची लेक एकटीने तुमचं सुतक पाळत होती, आणि मी म्हणत होते, रुळली.

चादर पडली जमिनीवर. धुतलेली, इस्त्री झालेली. मुकादमीणबाई धावत आली. मी तिला काय सांगणार आणि कुठल्या भाषेत? मी नुसता कानाशी हात नेला आणि गुंडीला पोटाशी धरलं. बाईने एकदा आमच्याकडे पाहिलं, स्वतःच्या कपाटातून फोन आणून माझ्या हातात दिला आणि पडलेली चादर उचलून पुन्हा धुवायला टाकली. तुम्हाला जो अनोळखी नंबर दिसला, तो तिचा.

आता तुम्हाला कळलं ती असं का विचारत होती. यासाठी पत्र. "असू दे" म्हणू नका, अक्का. दोनचार दिवस बोलू नका माझ्याशी, चालेल. फक्त तिच्याशी बोला. आजपासून रोज संध्याकाळी तीच तुम्हाला फोन लावेल. आकडे तिला पाठ आहेत. ते ती कधी विसरलीच नव्हती. त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाईन. कान देणार नाही. म्हणजे, न देण्याचा प्रयत्न करीन.

आणि उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत तिला दोन महिने तुमच्याकडे पाठवते. ह्यांच्याशी बोलणं झालंय. मला भीती वाटते. ती परत यायला रडेल आणि तुम्ही दोघी फाटकात उभ्या असाल, तेव्हा माझं काय होईल मला सांगता येत नाही. तरी पाठवते.

काल घरच्या चादरी धुतल्या. मी दोन कोपरे तिला दिले, दोन मी घेतले. झटकली, जुळवली, आणि या वेळी मीच चालत तिच्याकडे गेले. तिने टाचा उंचावल्या, डोळे मिटले, गाल वर केला. मी पापा घेतला.

डोळे मिटलेलेच. म्हणाली, "मोठी दोन घेते."

घेते, म्हणाली. मी दुसराही घेतला.

"आता खाली वाक आणि मधली घडी उचल," ती म्हणाली. मी वाकले. तिथेच जरा वेळ बसले. तिने माझ्या डोक्यावर चादरीचं टोक ठेवलं, आणि मग म्हणाली, "आई, उठ की, अजून उशांचे अभ्रे राहिलेत."

नुसतं आई, अक्का. फोनमधली नाही.

खालच्या कोऱ्या जागेत एक गोल डाग दिसेल, तो शाईचा नाही. मी लिहीत असताना गुंडीने विचारलं, "मोठीला लिहितेस?" आणि दूध लागलेला गाल न पुसताच तिथे टेकवला. दोन घ्यायचे, असा निरोप आहे.

तुमची धाकटी,
आपल्या गुंडीची आई