मला बोलता येत असल्याबाबत

प्रति,
मा. दिव्यांग कल्याण अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मूक असल्याचे माझे प्रमाणपत्र रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाने गेल्या महिन्यात भरवलेले तपासणी शिबिर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, खाली मान घालून कळवतो की मला बोलता येते.

१. माझा जन्म याच देशातला. तान्हा असताना परदेशातील एका दांपत्याने मला दत्तक घेतले व मी तिकडेच वाढलो. गेल्या वर्षी नोकरीनिमित्त येथे राहण्यास आलो. शिकवणी लावून इथली भाषा लिहायला-वाचायला शिकलो. जीभ मात्र वळत नाही. माझा परदेशी सहकारी मोडकेतोडके दोन शब्द बोलला तरी लोक त्याला कौतुकाने चहा पाजतात. मी तेच बोललो की "चेहरा तर आपल्यातलाच, मग हा असं काय बोलतोय?" म्हणून हसतात. बसथांब्यावर पत्ता मात्र मलाच विचारतात. मी कानकोंडा होतो.

२. म्हणून एकदा किराणा दुकानात साबण बोटाने दाखवला. दुकानदार हळहळला, "बिचाऱ्याला वाचा नाही," आणि त्याने मला रांगेत पुढे घेतले. तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झाले.

३. माझ्या खोलीखाली शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्यांनीच मला हाताला धरून शिबिरात आणले. डॉक्टरांनी "आ" करायला सांगितले तेव्हा मी आवाज गिळला. बाहेर आलो तर शिपाई त्या दिवसाचे तपासणीचे क्रमांक संपल्याचे सांगत होता, आणि रांगेत माझ्या मागचे गृहस्थ खरोखरच बोलू न शकणाऱ्या आपल्या मुलीला घेऊन परत निघाले होते. त्या मुलीने मला आपल्यातला समजून हात हलवला. तेव्हापासून सवलतीच्या पासावर बसमध्ये अंग चोरून बसतो.

४. मावशी रोज मशीन थांबवून, ओठांतल्या टाचण्या काढून मला समोर बसवतात. "घाई नाही रे बाळा. माझ्या तोंडाकडे बघ. म्हण, पाणी. म्हण, दार." गेल्या आठवड्यात इस्त्रीचा चटका बसून मी ओरडलो, तर त्या "आवाज आहे पोराला!" म्हणत रडत गल्लीभर सांगत सुटल्या. ही भाषा मला लहानपणी कोणी शिकवली नाही. आता शिकवणारी भेटली, तर मी तिलाच फसवतो आहे. आणि तरीही रोज संध्याकाळची वाट पाहतो, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

५. तरी माझे प्रमाणपत्र रद्द करून त्या मुलीची तपासणी आधी करावी, ही विनंती. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. फक्त त्याचे पत्र सोमवारनंतर पाठवावे. माझे टपाल मावशीच फोडून मला सावकाश वाचून दाखवतात. त्यांना हे आपल्या कागदावरून कळू नये. रविवारी मी स्वतः सांगणार आहे. आरशासमोर तयारी चालू आहे. सुरुवात "मावशी" या शब्दाने करायची ठरली आहे. तो मला अगदी स्वच्छ येतो. पुढचे वाक्य अजून जमत नाही.

आपला ओशाळलेला,
अर्जदार
(मावशींच्या वरची खोली)
शुक्रवार

सोबत : १) मूळ प्रमाणपत्र. २) सवलतीचा बस पास. हा अर्ज देण्यास चालत आलो आहे.